धनी येईपर्यंतचे काम

सभासद बंधुभगिनींनो,

नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की घराघरांत नाताळची तयारी दिसू लागते; परंतु अनेक मंडळ्यांत या काळातील पहिल्या रविवारचे शास्त्रवाचन गव्हाणीतल्या बाळाविषयी नसून प्रभूच्या पुनरागमनाविषयी असते. म्हणून 'जागृत राहा' या आज्ञेविषयीच आज बोलावे, असे मी ठरवले.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जैतुनांच्या डोंगरावर मंदिरासमोर बसला असता पेत्र, याकोब, योहान व अंद्रिया त्याला एकांतात विचारतात की, या गोष्टी केव्हा घडतील. तो दिवस आणि ती घटका केवळ पित्याला ठाऊक आहे, असे सांगून येशू त्यांना एक दाखला देतो. परदेशी निघालेला घरधनी प्रत्येक दासाला त्याचे त्याचे काम नेमून देतो, द्वारपाळाला जागे राहायला सांगतो, आणि तो संध्याकाळी परतेल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, हे कोणालाच माहीत नसते.

आता पुढचा अध्याय आणि त्यानंतरच्या अध्यायाची सुरुवात याच चार प्रहरांकडे लक्ष ठेवून वाचावी. संध्याकाळी येशू बारा जणांबरोबर भोजनाला बसतो; रात्री गेथशेमाने बागेत तो प्रार्थना करीत असताना शिष्य झोपी जातात; कोंबडा आरवण्याच्या सुमारास पेत्र त्याला नाकारतो; आणि सकाळ होताच त्याला रोमी सुभेदार पिलाताच्या स्वाधीन केले जाते. बागेत झोपलेले पेत्र, याकोब आणि योहान हे तिघे त्या डोंगरावर प्रश्न विचारणाऱ्या चौघांपैकीच होते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. शेवटच्या दिवसाविषयीची शिकवण त्यांनी प्रत्यक्ष प्रभूच्या मुखातून ऐकली होती, तरी त्याच डोंगराच्या पायथ्याशी, त्याच आठवड्यात, त्यांना एक तासही जागता आले नाही. परीक्षा जगाच्या अंताच्या वेळी न येता भरल्या पोटी, थकलेल्या देहावर, एका साध्या रात्री आली. येशूने तेथे सांगितलेला उपायही साधाच होता: परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा.

तारखा शोधण्याचा मोह मात्र मंडळीला पुन्हा पुन्हा झाला आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या पुनरागमनाचा दिवस म्हणून 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली, आणि तो दिवस उलटल्यावर अनेकांची मने मोडली. त्यांच्या उत्कंठेला मी हसणार नाही, कारण आपल्यापैकी किती जणांना तेवढी ओढ आहे? परंतु दाखल्यातल्या दासाच्या हाती दिनदर्शिका दिलेली नाही. त्याच्या हाती काम दिलेले आहे.

हे काम कसे असते, हे मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने निराधार झालेल्या स्त्रिया व मुली राहत होत्या. 1905 साली तेथे नियमित सामुदायिक प्रार्थना सुरू असताना मोठे आत्मिक संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झाले. तरीही त्यानंतर स्वयंपाक, शेती, शिवण आणि छपाई थांबली नाही, आणि स्वतः रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा हे दीर्घ काम त्यांनी पूर्णत्वाला नेलेले होते.

परदेशात आपली घरे लहान आहेत, कामाच्या पाळ्या वेगवेगळ्या आहेत, आणि आठवड्यातून एकदा उपासनेला गेलो की पुरे, अशी सवय सहज लागते. गावाकडे आजी-आजोबा रात्रीच्या जेवणानंतर सर्वांना बसवून एक अध्याय वाचत, एक गीत म्हणत आणि शेजाऱ्यांची, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करीत. ज्या घरांत ती कौटुंबिक प्रार्थना बंद पडली आहे, त्यांनी ती याच आठवड्यात पुन्हा सुरू करावी आणि मुलांना मराठीतून वाचायला द्यावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.