थंडीतलं फिरणं : उन्हं आल्यावर निघा

श्रोतेहो, नमस्कार. निफाडच्या थंडीचं वर्णन तुमच्यापुढे काय करायचं! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ४-५ अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबकचं पाणी सुटतं. घडांची एवढी काळजी घेणाऱ्या घरातले आजोबा मात्र त्याच गारठ्यात पाच वाजता फिरायला निघतात. त्यांच्यासाठी आजचं बोलणं. उन्हं आल्यावर निघा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तर आपणही त्याच्यानंतर निघावं.

आमच्याकडच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगतो. गुरुजींचा पाचचा नेम कधी चुकायचा नाही. अंगावर काळी घोंगडी, कान झाकणारी कानटोपी, आणि चालायचे रस्त्याच्या डाव्या कडेनं, म्हणजे गाड्यांकडे पाठ. त्यांच्या घरच्या बाईंनी, म्हणजे पत्नीनं, परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी जुन्या धोतराचा चांगला हातभर तुकडा फाडला आणि घोंगडीच्या पाठीवर टाके घालून बसवला. गुरुजी भडकले. "गावात माझी काही पत आहे की नाही?" पण टाके पक्के होते, आणि दुसरी घोंगडी घरात नव्हती.

पुढं एका पहाटे असं धुकं पडलं की हातावरचं दिसेना. मागून उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. कानटोपीमुळे गुरुजींना आवाज आला तो अगदी जवळ आल्यावर. करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हर खाली उतरला, कोवळा पोरगा, थरथरत होता. म्हणाला, "बाबा, पाठीवरचं पांढरं दिसलं म्हणून थांबलो. तुम्ही नव्हता दिसला."

गुरुजी घरी आले. चुलीपाशी बसले, चहा घेतला, एक शब्द बोलले नाहीत. मग घोंगडी बाईंपुढे ठेवून म्हणाले, "पुढच्या बाजूलाही एक लाव."

आता गुरुजी आठ वाजता निघतात, उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी बघत. फुटपाथ नसेल तिथं उजवी कडच धरा. आणि उसाच्या ट्रॉलीला मागं चमकणारी पट्टी नसेल, तर साखर कारखान्यानं ती गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेपर्यंत, येऊच देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर रुपयांच्या पट्टीसाठी माणसं मरावीत का?

असो. गारठ्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून रक्तदाबाच्या, हृदयाच्या रुग्णांनी पहाट टाळायचीच. दमेकऱ्यांनीही टाळायची, थंड हवेनं छाती आवळते आणि शेकोट्यांचा धूर खालीच साचलेला असतो. आत सुती, वर लोकर, सगळ्यात वर फिकट रंगाचं काहीतरी. हल्ली मुलं वडिलांना काळंच जाकीट का आणून देतात, कळत नाही. पिवळं आणा, पांढरं आणा! निघण्याआधी घरातच पाच मिनिटं हातपाय हलवा, घोटभर पाणी प्या. पहिली दहा मिनिटं सावकाश चाला.

चालताना छाती भरून आली, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला, तर फेरी पुरी करायची नाही. जागीच बसायचं, कुणाला तरी हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा. पुन्हा सांगतो, १०८. आणि त्यासाठी फोन खिशात हवा, घरी चार्जिंगला नको. नमस्कार.