‘शालोम’चं ‘मोलाश’ कसं होतं

नमस्कार मंडळी. विषय वाचून अर्ध्यांना वाटलं असेल आपला हिब्रूशी काय संबंध, तर माझाही नव्हता. ठाण्याचा एक मित्र आहे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, घरात मराठीच, आडनावसुद्धा गावावरून पडलेलं ‘कर’वालं. त्याच्या मावशीने इस्रायलमधल्या अश्दोदहून घरच्या जुन्या नोंदींची एक टेक्स्ट फाईल पाठवली, कोण कधी तिकडे गेलं, कुणाचा जन्म कधीचा वगैरे, आणि ह्याने ती विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘टाईप’ कमांडने उघडली. लगेच फोन, अरे हे ग्रीक काय आलंय. मी म्हटलं तुला काय कळतंय ग्रीक का हिब्रू, पण फोटो बघितला तर खरंच ग्रीक! अल्फा, गामा, सिग्मा.

तर हा पहिला घोळ, कोडपेजचा, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याचा. हिब्रूची अक्षरं 22, त्यातल्या पाचांना शब्दाच्या शेवटी वेगळं रूप, म्हणून एकूण 27. ही 27 अक्षरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या घरांत राहिली. फार जुन्या 7 बिटवाल्या पद्धतीत इंग्रजी स्मॉल अक्षरांच्या जागी, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या 862 नंबरच्या कोडपेजमध्ये 128 ते 154, विंडोजच्या 1255 मध्ये 224 ते 250. मावशीची फाईल 1255 ची आणि आपल्याकडची खिडकी साधारण डॉसच्याच 437 या कोडपेजवर उघडते, तिथे 224 पासून ग्रीक लागतं. गंमत बघा, आलेफच्या जागी अल्फा येतो, गिमेलच्या जागी गामा, वाटतं अरे वा जुळतंय की, आणि पुढच्याच दालेतच्या जागी एकदम ‘पाय’ (π). निव्वळ योगायोग आहे तो.

हे लक्षात ठेवा, कचरा बघून रोग ओळखता येतो. ग्रीक दिसलं तर 1255 ची फाईल डॉसच्या कोडपेजमध्ये उघडलीय. त्याच काळ्या खिडकीत फ्रेंचसारखी टोपीवाली अक्षरं दिसली तर फाईल 862 ची. विंडोजच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये दर अक्षराआधी गुणाकाराची फुली दिसली तर ती यूटीएफ-8, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, कारण तिथे हिब्रू अक्षराला दोन बाइट लागतात आणि पहिला बाइट 215, जो पश्चिमी कोडपेजमध्ये फुली असतो. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र बहुतेक वेळा रूपांतरात अक्षरं गेलीच, मूळ फाईल शोधा.

मित्राने खिडकीचं कोडपेज बदलायला ‘सीएचसीपी 1255’ ही कमांड मारली, आणि आले चौकोन. चौकोन म्हणजे घाबरायचं कारण नाही, अक्षरं आहेत पण फॉन्टकडे चित्र नाहीये. लुसिडा कन्सोलमध्ये हिब्रू नाही, कुरिअर न्यूमध्ये आहे. फॉन्ट बदलला, झालं, अक्षरं आली.

आली पण उलटी. हा खरा विषय.

फाईलमध्ये अक्षरं वाचायच्या क्रमाने असतात, शिन, लामेद, वाव, मेम, शालोम. ती उजवीकडून मांडायचं काम दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं. आपल्याला हे समजायला सोपंय कारण आपली ऱ्हस्व वेलांटी तशीच आहे, ‘कि’ मध्ये आधी क साठवतात मग वेलांटी, दाखवताना वेलांटी क च्या आधी येते. जुन्या फॉन्टांत ती आधी टाईप करायला लागायची आणि ते मजकूर युनिकोडमध्ये आणताना कसे हाल झाले ते इथल्या डीटीपीवाल्यांना विचारा. तर विंडोजची ती जुनी खिडकी क्रम लावतच नाही, आली तशी डावीकडून मांडते, म्हणून ‘मोलाश’. हिब्रू येत नसेल तरी ओळखायची खूण सांगतो, शब्दाच्या शेवटचा मेम बंद चौकोनासारखा असतो, तो शब्दाच्या डाव्या टोकाला हवा. उजव्या टोकाला दिसला की समजा ओळ उलटी आहे.

मित्र हुशार, त्याने दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून प्रत्येक ओळ उलटी केली. नावं सरळ झाली आणि आजोबा 1591 साली इस्रायलला पोचले! गेले होते 1951 ला. हिब्रूत आकडे डावीकडूनच वाचतात, म्हणजे एका ओळीत दोन दिशा, त्यात कंस आले की त्यांची तोंडं फिरवायची, मध्ये इंग्रजी शब्द आला तर तो तसाच ठेवायचा. हे सगळे नियम युनिकोडच्या बायडाय, म्हणजे दोन दिशांच्या, अल्गोरिदममध्ये लिहिलेत, हाताने करायच्या भानगडीत पडू नका, फ्रिबिडी लायब्ररी आहे, ‘बिडिव्ह’ म्हणून छोटा प्रोग्रॅम आहे, त्यातून मजकूर पाईप करा, म्हणजे त्याच्यातून गाळून पडद्यावर येऊ द्या.

पण त्याने त्याहून मोठी चूक केली होती, उलटवलेलं त्याच फाईलवर सेव्ह केलं. मग नोटपॅडमध्ये उघडली, नोटपॅड बिचारं नियमाने क्रम लावतं, त्याने ते परत फिरवलं आणि पुन्हा ‘मोलाश’. क्रम एकदाच लावायचा, तोही पडद्यावर जाताना, फाईलला हात लावायचा नाही. 90 च्या दशकात हिब्रू वेबसाइट्स अशाच उलटवून साठवलेल्या असायच्या, खिडकी अरुंद केली की वाक्याचा शेवट वरच्या ओळीत आणि सुरुवात खाली.

म्हणून आधी तुमचं टर्मिनल, म्हणजे कमांडची खिडकी, स्वतः क्रम लावतं का ते बघा. एमएलटर्म लावतं, मॅकचं टर्मिनल लावतं, ग्नोम टर्मिनल 2019 पासून लावतं, एक्सटर्म लावत नाही. लावणाऱ्यात ‘बिडिव्ह’ वापरलंत तर पुन्हा तेच दोनदा फिरणं. आणि लावणाऱ्यांतही सुख नाहीये, रकाने आखलेला प्रोग्रॅम असेल तर रकान्यांच्या जागा बदलतात, म्हणून बरेच जण ती सोय बंद ठेवतात आणि मला त्यांचं पटतं.

मित्राने मावशीकडून फाईल परत मागवली. तिने विचारलं, आधीच्या फाईलला काय झालं रे? हा म्हणाला, उलटी झाली.