रुळाला टेकलेलं मैदान

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचा घरचा सामना टीव्हीवर लागला की मैदानाच्या कडेला नीट बघा. ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या मैदानाच्या तीन बाजूंचे स्टँड मजल्यावर मजला चढवलेले दिसतील, आणि दक्षिणेचा मात्र बुटका, एकमजली. त्याच्या पाठीला रेल्वेचे रूळ आहेत. बाकीचं मैदान वाढत गेलं, ही बाजू तिथेच राहिली. रूळ आपल्या सोयीने बाजूला सरकत नाहीत, हे कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको.

हे मैदान 19 फेब्रुवारी 1910 रोजी सुरू झालं. आराखडा आर्किबाल्ड लीच या स्कॉटिश वास्तुरचनाकाराचा. मूळ बेत 1 लाख प्रेक्षकांचा होता, पण खर्च हाताबाहेर जायला लागला तेव्हा तो 80,000 वर आणला. पहिल्याच सामन्यात युनायटेड लिव्हरपूलकडून 3-4 ने हरलं. इथल्या सर्वाधिक गर्दीचा विक्रम 76,962 चा, 25 मार्च 1939 चा. गंमत म्हणजे तो सामना युनायटेडचा नव्हताच. वुल्व्ह्ज आणि ग्रिम्सबी या दुसऱ्याच दोन संघांची, एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती.

मार्च 1941 मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि मुख्य स्टँड जमीनदोस्त झाला. 1949 पर्यंत युनायटेडला घरचे सामने मँचेस्टर सिटी या शेजारच्या क्लबच्या ‘मेन रोड’ नावाच्या मैदानावर खेळावे लागले. खेळाडू मैदानात येण्याचा मधला जुना बोगदा तेवढा वाचला. 1910 च्या बांधकामातलं आज तेवढंच शिल्लक आहे.

आता छपराकडे वळू, कारण स्टेडियमची खरी कसोटी तिथे लागते. जुन्या स्टँडांना पुढून खांब असत. खांबामागे बसलेल्याला निम्मा गोल दिसायचा नाही. 1966 च्या विश्वचषकासाठी उत्तरेला नवा स्टँड बांधला, त्याचं छप्पर पाठीमागूनच पेललेलं, पुढे खांब नाही. पडवीचा वासा पुढे बराच बाहेर काढायचा तर मागचं टोक तेवढंच घट्ट धरावं लागतं, तसंच हे. यात दोन धोके. छपराच्या स्वतःच्या वजनाने पुढचं टोक खाली वाकतं, आणि वारा आतून शिरला की तेच टोक वर उचललं जातं. 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते ज्यांनी पाहिलं, त्यांना मागची बांधणी आणि पाया इतका भक्कम का लागतो ते लगेच कळेल.

दुसरा शत्रू पाऊस. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 1,000 चौरस मीटरवर तासाभरात 50 मिलिमीटर पडला तर 50,000 लिटर. पन्हळ अपुरी असेल किंवा तुंबली तर हे पाणी कोपऱ्यातून धो धो खाली येतं. मे 2024 मध्ये आर्सेनलच्या सामन्याच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या जागेवर असाच धबधबा कोसळला. मँचेस्टरचा वर्षाचा पाऊस साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास; रत्नागिरीत तीन हजारांच्या वर पडतो. आपल्याकडे क्रीडागृह बांधताना आधी पन्हळीचा हिशेब मांडावा, तो यासाठी.

1989 मध्ये हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरीत प्रेक्षक दगावले, त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडच्या मोठ्या मैदानांत सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. उभ्याच्या जागी बसायचं म्हटल्यावर ओल्ड ट्रॅफर्डची क्षमता 44,000 च्या आसपास घसरली. ती भरून काढायला 1996 पर्यंत उत्तरेचा तीन मजली स्टँड झाला, 2000 पर्यंत पूर्व-पश्चिमेला वरचे मजले आले, 2006 मध्ये उत्तरेचे दोन कोपरे भरले. 31 मार्च 2007 ला ब्लॅकबर्नविरुद्ध 76,098 लोक बसले होते. पुढे वाढायला उरली एकच बाजू, रुळांची.

म्हणून मार्च 2025 मध्ये क्लबने दुसरी वाट धरली. जुनं मैदान वाढवलं तर मजल 87,000 पर्यंतच जाणार होती, तेव्हा शेजारी 1 लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायचं ठरवलं. लीचच्या मूळ बेतातला आकडा 115 वर्षांनी परत आला. आराखडा वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाचा, अंदाजे खर्च 2 अब्ज पौंड. तीन उंच डोलकाठ्या, त्यांतली सर्वांत उंच 200 मीटरची, आणि त्यांवर ताणलेलं छत्रीसारखं छत. पावसाचं पाणी साठवण्याची सोयही त्यातच. बांधकाम पाच वर्षांत व्हावं म्हणून 160 मोठे भाग आधीच तयार करून मँचेस्टर जहाज कालव्यातून आणायचे आणि जागेवर जोडायचे, असा बेत मांडला गेला. रस्त्यावर न मावणारा अवजड माल पाण्यावरून न्यायचा, ही युक्ती आपल्या खाड्यांना जुनीच आहे.

अडचण जमिनीची आहे. क्लबला हवी असलेली काही जागा मालगाड्यांच्या टर्मिनलखाली आहे. म्हणजे नव्या स्टेडियमची वाटही पुन्हा रेल्वेशीच येऊन थांबते. टर्मिनल हललं तरच तिथे पाया खणता येईल.