लाजवर्दमधला ‘ल’ कुठे गेला?

पडद्यावरचा हा दगड नीट पाहा. मुठीत मावेल एवढा आहे. गडद निळा, दिवेलागणीनंतर आभाळ होतं तसा. अंगावर सोन्याचा भुगा भुरभुरल्यासारखा दिसतोय, पण ते सोनं नव्हे. ते पायराइट, लोखंड आणि गंधक यांचं खनिज. मधून गेलेली पांढरी रेघ कॅल्साइटची. आणि निळाई आहे ती लाझुराइट या खनिजाची. त्यात गंधकाचे अणू तिघा-तिघांच्या गटानं अडकून बसलेले असतात. ते उजेडातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतात आणि आपल्यापर्यंत पोचतो तो निळा.

या दगडाचं फारसी नाव लाजवर्द. आज गोष्ट सांगायची आहे ती या नावाची.

अफगाणिस्तानच्या ईशान्येला बदख्शान. तिथं कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी आहेत. हजारो वर्षं हा दगड तिथून निघतोय. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर आपल्या मुलखापासून इतक्या दूर, अमूदर्या नदीच्या बाजूला, शोर्तुगाई इथं वसाहत केली होती. हा दगड आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरात, राजघराण्याच्या कबरींत सापडला. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सोन्याच्या मुखवट्यावर भुवया जडवल्यात त्याही याच्याच.

माल जिथं गेला, तिथं नावही गेलं. फारसीतून अरबीत, अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये. तिथं त्याचं लाझुलम झालं. लॅटिनमध्ये ‘लापिस’ म्हणजे दगड. म्हणजे आपण मोठ्या थाटात ‘लापिस लाझुली’ म्हणतो, त्याचा अर्थ फक्त ‘लाजवर्दाचा दगड’. अर्धं नाव लॅटिन, अर्धं फारसी.

पुढे या नावाचं पहिलं अक्षरच गळालं. फ्रेंच, इटालियन अशा भाषांत नामाआधी एक छोटा शब्द लागतो आणि स्वर आला की त्याचा नुसता ‘ल’ उरतो. ‘लाझुर’ ऐकणाऱ्याला वाटलं, हा ‘ल’ त्या छोट्या शब्दाचाच, मूळ शब्द ‘अझुर’ असणार. मग इटालियनमध्ये अझ्झुर्रो, स्पॅनिशमध्ये अझुल, इंग्रजीत ॲझ्युअर. रशियन भाषेत असा शब्द लागतच नाही, म्हणून तिथं आजही ‘लाझूर’ म्हणतात, ‘ल’ शाबूत. मला हे फार विलक्षण वाटतं. इटलीचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की लोक ‘अझ्झुर्री’ म्हणून ओरडतात, तो शब्द बदख्शानच्या डोंगरातल्या या दगडाचा आहे. मात्र पोर्तुगालच्या निळ्या फरश्यांना म्हणतात तो ‘अझुलेझु’ यातला नव्हे. त्याचं मूळ वेगळं, घोटीव दगडासाठी असलेल्या एका अरबी शब्दात.

आपल्याकडे काय झालं? संस्कृत रसशास्त्रात हा दगड ‘राजावर्त’ म्हणून येतो. अभ्यासकांचा कल असा की हा ‘लाजवर्द’च आहे. राजा आणि आवर्त, म्हणजे भोवरा. परक्या शब्दात आपल्या कानाला ओळखीचे दोन शब्द सापडले आणि तेच रुजले.

आता या नावांच्या वापराबद्दल, कारण खरी गफलत तिथंच होते. ग्रीक लेखक थिओफ्रास्टस ‘साप्फेइरोस’ नावाच्या रत्नावर सोन्याचे ठिपके असतात असं लिहितो. आजच्या सफायरवर, म्हणजे नीलमवर, असे ठिपके नसतात. तो बोलतोय ते लाजवर्दाबद्दल. पुढे तेच नाव नीलमकडे गेलं. म्हणून जुन्या ग्रंथात सफायर दिसला की डोळे झाकून नीलम लिहू नये.

खनिजांतही तसंच. लाझुराइट, लाझुलाइट, ॲझुराइट: तिन्ही निळी, तिन्ही नावं एकाच घरातली, पण खनिजं वेगळी. लाझुराइट हे गंधक असलेलं सिलिकेट, लाझुलाइट फॉस्फेट, ॲझुराइट तांब्याचं कार्बोनेट. इराणच्या काशानमध्ये तर कुंभार मातीची भांडी निळी करायला कोबाल्ट वापरायचे आणि त्या कोबाल्टच्या दगडालाही लाजवर्दच म्हटलं जाई. 1301 सालच्या तिथल्या एका ग्रंथात तशी नोंद आहे.

नाव दगडाला सोडून रंगाला चिकटतं ते असं. युरोपातले चित्रकार या दगडाची पूड मेणात आणि राळेत मळून, क्षाराच्या पाण्यात दाबून तिचा निळा अंश वेगळा करायचे. तो रंग समुद्रापलीकडून यायचा, म्हणून नाव अल्ट्रामरीन. 1820च्या दशकात फ्रान्सच्या गिमे यांनी चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून तोच रंग तयार केला. आज रंगाच्या ट्यूबवर अल्ट्रामरीन लिहिलेलं असतं. आत ना समुद्र, ना दगड.

प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत लाजवर्दाला ‘उक्नू’ म्हणत. त्याच्यासारखी निळी काच तिथं तेव्हाही बनायची. लिहिणारे फरक करायचे: एक ‘डोंगरातला उक्नू’, दुसरा ‘भट्टीतला उक्नू’. या ट्यूबवर त्यांनी बहुतेक दुसरंच नाव लिहिलं असतं.