एक जानेवारीला जन्मलेले ग्राहक

मंडळी, नमस्कार. 'संगणक माहिती प्रणाली शिकणाऱ्यांसाठी करिअरच्या वाटा' असा भारदस्त विषय संयोजकांनी दिलाय. वाटा दाखवतो, शब्द दिलाय. पण त्याआधी माझं एक जुनं रडगाणं आहे, ते ऐकून घ्यावं लागेल. दारं लावलीत ना मागची? छान.

या शाखेच्या मुलांना कुठेही गेलं की एकच विचारतात : "म्हणजे कम्प्युटर सायन्सच ना, जरा कमी गणिताचं?" हसताय, म्हणजे घरी ऐकलंय. आणि वाईट याचं वाटतं की मुलंही मान डोलावतात! अहो, प्रोग्रॅम किती वेगात चालतो हा एक प्रश्न झाला. तो बसवल्यावर काउंटरवरच्या माणसाचं काम हलकं झालं की वाढलं, हा निराळाच, आपल्या शाखेचा प्रश्न आहे, आणि तो विचारायला ऑफिसात सहसा कुणी नेमलेलंच नसतं.

एका कंपनीची गोष्ट सांगतो, नाव विचारू नका. त्यांच्या मार्केटिंगवाल्यांनी टूम काढली, प्रत्येक ग्राहकाला वाढदिवसाचा मेसेज पाठवायचा. वर्षभर तुरळक मेसेज गेले. एक जानेवारीला सिस्टीम झोपली. बघतात तर ग्राहकांचा भला मोठा गठ्ठा त्याच दिवशी जन्मलेला. बैठक बसली. एक साहेब म्हणाले, डेटा करप्ट झालाय. दुसरे म्हणाले, सर्व्हर वाढवा. तिसऱ्यांकडे तर नव्या डेटाबेसचा प्रस्ताव तयारच होता. असे प्रस्ताव काही लोकांकडे कायम तयार असतात. मी काउंटरवर जाऊन बसलो.

तिथल्या बाईंसमोर ही रांग. फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या रकान्यापुढे लाल फुली, तो भरल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण उजळत नाही. ग्राहक म्हणतो, तुम्हाला कशाला हवीय माझी जन्मतारीख? बाई वाद घालत नाहीत. शून्य-एक, शून्य-एक, आणि पुढे वर्ष. मी विचारलं, "वर्ष कसं ठरवता?" म्हणाल्या, "चेहरा बघून. बायकांची दहा वर्षं कमी करते, अजून तक्रार आली नाही." तो रकाना सक्तीचा कुणी केला, हे मी नंतर वरपर्यंत विचारत गेलो. कुणालाच आठवेना.

आता तुम्ही म्हणाल, काउंटरवरच्या माणसाचा विचार करायचा हे आजकालचं झालं. उलट आहे, ते जुनंच आहे. ब्रिटनमध्ये जे. लायन्स नावाची कंपनी होती, केक-पाव करणारी, टी-शॉप चालवणारी. केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकावरून धडा घेऊन त्यांनी लिओ नावाचा संगणक स्वतः बांधला आणि १९५१ साली तो बेकरीच्या हिशेबाला जुंपला. धंद्याच्या नेहमीच्या कामाला लागलेला तो पहिला संगणक मानतात. पुढे टी-शॉपच्या रोजच्या ऑर्डरी त्यावर आल्या. यंत्रासाठी कामाची मांडणी करणाऱ्यांचे म्होरके होते डेव्हिड कॅमिनर. पद्धत बघा कशी होती : प्रत्येक दुकानाची ठरलेली ऑर्डर यंत्राकडे आधीच असायची, व्यवस्थापिकेने फोनवर फक्त काय बदललंय तेवढं सांगायचं. रोज अख्खा फॉर्म भरायचा नाही! ज्यांनी तो लाल फुलीचा रकाना केला, त्यांना मला...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, वाटा आता धावत.

सिस्टीम अ‍ॅनालिस्ट, बिझनेस अ‍ॅनालिस्ट : त्या बाईंशेजारी खुर्ची ओढून बसणारी माणसं. लिहिता-बोलता आलं पाहिजे. डेटा अ‍ॅनालिस्ट : आलेखात एक जानेवारीचा सुळका ज्याला आधी खुपतो तो. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, पक्की करा. एडगर कॉड या संगणकतज्ज्ञांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, त्यावर उभी राहिलेली ही भाषा अजून लोकांना पगार मिळवून देतेय. डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर : बॅकअप घेतो, आणि चांगला असेल तर तो परत चढवूनही बघतो. ईआरपी कन्सल्टंट : कंपनीचा हिशेब, खरेदी, माल हे सगळं एकाच सिस्टीममध्ये बसवून देणारा. इथे जमा-नावे आणि स्टॉक कळणारा मुलगा नुसत्या कोडिंगवाल्याच्या पुढे जातो, म्हणून अकाउंटन्सीचा पेपर ऑप्शनला टाकू नका.

आयटी ऑडिटकडे कुणी बघतच नाही, आणि मला ती फार आवडती वाट वाटते. बिल मंजूर करणारा आणि पैसे सोडणारा एकच लॉगिन वापरतोय का, हे शोधायचं. म्हणजे पगार घेऊन संशय घ्यायचा. आयसाका संस्थेची सीसा (CISA) ही आयटी ऑडिटरची परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्र मात्र अनुभव दाखवल्यावरच. सायबर सुरक्षा, नेटवर्क, क्लाउड यांवर वेगळं व्याख्यान लागेल. एआयचं विचारणारच आहात : कोडचा खर्डा ते झटकन लिहून देईल. रकाना सक्तीचा ठेव म्हटलंत, तर निमूट तसाही ठेवेल.

शेवटचं. पहिली नोकरी हेल्पडेस्कची मिळाली तर नाक मुरडू नका. आलेली तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, वाचा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर ती कुठल्या स्क्रीनमुळे येते ते हुडका, अर्ध्या पानावर लिहा, वरिष्ठांना द्या. पुढच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या फायलीआधी त्या कामाबद्दल बोला, फक्त ग्राहकांची नावं घेऊ नका. प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेतो, अध्यक्ष उभे राहिलेत.