फायबरच्या टोकावरचा आरसा

हायड्रोजन दिसत नाही, त्याला वास नाही, आणि पेटला तरी भर उजेडात त्याची ज्योत नजरेला येत नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की तो पेटू शकतो, आणि प्रमाण त्याहून बरंच वाढलं की ०.०२ मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगीही पुरते. म्हणूनच गॅसपाशी वीज न नेता, फक्त प्रकाश नेणारा सेन्सर इथे मोलाचा.

हे त्या सेन्सरचं टोक. १२५ मायक्रोमीटर जाडीचा काचेचा फायबर, काटकोनात कापलेला. तोंडावर पॅलेडियम या धातूचा साधारण १० नॅनोमीटरचा थर. एलईडीचा प्रकाश कपलरमधून, म्हणजे जाणारा आणि परतणारा प्रकाश वेगळा करणाऱ्या जोडातून, इथवर येतो, या इवल्या आरशावरून परततो आणि फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या घटकावर, मोजला जातो. हायड्रोजनचे रेणू पॅलेडियमवर फुटतात, अणू धातूत शिरतात आणि परतणारा प्रकाश कमी होतो. हायड्रोजन सरला की अणू बाहेर पडतात, आरसा पूर्ववत.

खरी कसोटी या थराचीच. हायड्रोजन पिऊन पॅलेडियमचं घनफळ १० टक्क्यांच्या आसपास वाढतं, काच मात्र तसूभर हलत नाही. मग थराला फोड येतात, पापुद्रे सुटतात. म्हणून खाली टायटॅनियमचा दोनेक नॅनोमीटरचा अस्तर-थर देतात.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. शुद्ध पॅलेडियममध्ये प्रमाण वाढताना एक रीडिंग मिळतं आणि उतरताना वेगळंच, तेही नेमकं धोक्याच्या इशाऱ्याच्या पट्ट्यात. पॅलेडियममध्ये सुमारे २५ टक्के सोनं मिसळलं की ही तफावत जवळपास मिटते. सिग्नल थोडा लहान होतो, पण हा सौदा करावाच.

कार्बन मोनॉक्साइड थरावर चिकटून हायड्रोजनची वाट अडवतो. वर पॉलिमरचं पातळ आवरण दिलं की तो बराचसा बाहेरच राहतो. एलईडी जुना झाला किंवा फायबर वाकला तरी प्रकाश घटतो, आणि सेन्सरला तो हायड्रोजनच वाटतो. त्यासाठी त्याच एलईडीवर, त्याच वाटेने नेलेला, पॅलेडियम नसलेला दुसरा फायबर जोडायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर वाचायचं.

कॅलिब्रेशन, म्हणजे ठरावीक प्रमाणाच्या मिश्रणावर रीडिंग जुळवून घेणं, हायड्रोजन नायट्रोजनमध्ये मिसळून करू नका. हवेतला ऑक्सिजन थरावरच्या हायड्रोजनचं पाणी करतो, त्यामुळे प्रत्यक्षात रीडिंग कमी येतं. हवेत १ टक्का हायड्रोजनचं मिश्रण घ्या. ते पेटत नाही. नवा थर आधी काही वेळा भरून-रिकामा करा, आकडे स्थिरावले की मगच नोंद. आणि टोक बसवायचं ते छताजवळ, जिथे हा हलका गॅस साचतो.