पेठ रोडची धान्यबँक

(नाशिक. दिंडोरी रोड, मार्केट यार्ड. लिलाव संपलेला.)

लिलाव आटोपला की मार्केट यार्डात मागे राहतं ते हे. दांड्या मोडलेली मेथी, पिवळी पडू लागलेली कोथिंबीर, एका अंगाने दबलेले टोमॅटो. भाव कोसळलेल्या दिवशी शेतकरी जुड्यांचा ढीग इथेच टाकून गाडी वळवतो. माल परत नेण्याचं भाडंसुद्धा सुटत नाही. गोण्या घेऊन आलेल्या या बायका खरेदीला आलेल्या नाहीत. नासकं एकीकडे, चालण्यासारखं दुसरीकडे. हात बघा त्यांचे. गप्पा रंगल्यात, हात थांबत नाही.

(गल्ली. खोलीचं दार. आत पत्र्याच्या कोठ्या.)

ही भाजी पेठ रोडच्या एका गल्लीत येते. पाटी नसलेली छोटी खोली. गल्लीतले हिला धान्यबँक म्हणतात.

(वहीची पानं.)

२०२० च्या उन्हाळ्यातली ही वही. कसारा घाट चढून मुंबईहून माणसं आपापल्या गावाकडे पायी निघाली होती, तेव्हाची. पहिल्या पानांवर फक्त पोळ्या : कुठल्या घरातून किती, महामार्गावर कोण घेऊन गेलं. मग पोळ्या संपतात आणि पीठ, तांदूळ, तेल, मीठ सुरू होतं. चालणारे पुढे गेले होते. आता गल्लीतल्याच चुली अडल्या होत्या.

जगातली पहिली अन्नबँक अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी काढली. दुकानांच्या कचराकुंडीतून मुलांसाठी खाणं वेचणाऱ्या एका आईनेच त्यांना हे सुचवलं होतं. पेठ रोडला ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

(रामकुंड. पंगत.)

नाशिकला अन्नदान शिकवायला नको. रामकुंडाच्या परिसरात पंगती उठतात, सिंहस्थात तर बघायलाच नको. पण पंगतीत चार लोकांसमोर बसावं लागतं. धान्य पिशवीतून घरी जातं, आपल्या चुलीवर शिजतं, आणि मुलांना कळतही नाही ते कुठून आलं.

मग रेशन आहे की, असं कुणीही म्हणेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या धान्यासाठी राज्यात शहरातल्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा धरली गेली वर्षाला ५९ हजार रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. नवरा वॉचमन, बायको चार घरची धुणीभांडी करणारी. हे घर कागदावर कधीच वर गेलेलं असतं. खोलीभाडं आणि लाइटबिल कागद विचारत नाही.

(डबा. मूठ. सूप.)

इथे मात्र नीट बघा. भाताला तांदूळ काढताना एक मूठ या डब्यात. रोज. महिनाअखेरीला घराघरातले डबे इथे रिकामे होतात. आलेलं सगळं आधी चाळणीत, मग सुपात. या आजी पाखडतात तेव्हा खडा, फोलपट, सोनकिडा काही नजरेतून सुटत नाही. पोरींना त्या सूप हातात देतात आणि लगेच काढूनही घेतात. मग दोन उन्हं द्यायची, पुरतं गार होऊ द्यायचं. गरम धान्य कोठीत कोंडलं की घाम धरतं. तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला, मध्ये एक थर, वर एक.

देताना वजनकाटा आहे, पण चालतं मापटंच. नेणाऱ्याने हाताला काम लागलं की मुठीमुठीने परत आणायचं. व्याज नाही, आधार कार्ड नाही. वहीत नाव लिहितात, मोठ्याने वाचत नाहीत.

(पेठ नाका, सकाळ. मजूर.)

पेठ, सुरगाण्याकडून रोजगाराला आलेली ही माणसं. भात आणि नागली खाणारी. त्यामुळे तांदळाची कोठी आधी रिकामी होते, गहू बसून राहतो. दिवाळीनंतर गावाकडून येताना यांतल्याच काहींनी नागली आणली. ती ही.

महिन्याचा शेवटचा आठवडा अनेक घरं आता या खोलीवर काढतात.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं निघालीत, नाक्यावर नवे चेहरे वाढलेत. कोठ्या पुरत नाहीत. घरच्या माळ्यावर एखादी पत्र्याची कोठी पडून असेल, झाकण घट्ट बसत असेल, तर घेऊन या. झाकण सैल असलेल्या दोन इथे आधीच आहेत.